घरटी

वीत्स्के पहाटे साडेपाचला
लायडनच्या कालव्याकाठानं सायकल हातात धरून येते.
चालवत नाही. गुडघा.
पावाच्या तुकड्याबरोबर गिळलेली पांढरी गोळी
अजून पोटातच असते.

तळघरात दोनशे उंदीर,
लोणी-साखरेच्या खाद्यावर सुस्तावलेले.
अर्ध्यांच्या खाद्यात तीच गोळी, कुटून.
कुठल्या अर्ध्यांच्या, ते वरच्या मजल्यावर पाकिटात बंद;
तिला कळता कामा नये.

पण एकोणतीस वर्षांत तिला एवढं कळलंय:
ज्याला दुखतं तो उंदीर घर बांधत नाही.
दिलेला कापूस दिला तसा पडून राहतो.
चौदा नंबरात वाटीएवढं घरटं,
काठ उचललेले, निगुतीनं.
पंधरात काही नाही.
ती वहीत लिहिते: पाणी भरले.
घरट्यांना वहीत रकाना नाही.

येल्मर बुधवारी आणि शनिवारी बाजारात मासे तळतो.
त्याच्या पोटावर थंडगार जेल फिरवून
डॉक्टर म्हणाले, हे तुमचं लिव्हर, बघा कसं उजळ दिसतंय.
"उजळ म्हणजे चांगलंच ना?"
घरी येईपर्यंत तो हेच विचारत होता.

त्या रात्री तिनं आपली डबी
टेबलावरून त्याच्याकडे सरकवली,
आणि झाकण न उघडताच
परत ओढली.

नोव्हेंबरात पाकीट फुटलं.
नुरसेलबाईंनी एकेक उंदीर उघडला.
(मराठीत काळीज म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो;
खाटकाला मात्र त्याची जागा नीट ठाऊक असते.)
पंधराचं काळीज शिळ्या सायीसारखं, बोटाला तेलकट.
चौदाचं विटकरी, जवळजवळ निरोगी.
वीत्स्के मान हलवते. तिला माहीतच होतं.

मग धमनी. दोऱ्याएवढी.
भिंगाखाली चौदाचीही आतून लिंपलेली,
पंधरासारखीच, थरावर थर.

म्हणजे हा
दुखणं विसरून
कापूस दातांनी विंचरत होता,
काठ वर घेत होता,
आणि आत वाट बुजत चालली होती.

"एका प्रयोगावरून काही ठरत नाही," नुरसेलबाई म्हणतात,
हातमोजे उलटे काढत.

घरी दिवा आहे. तेलाचा वास.
येल्मर शीळ घालत अंथरूण घालतोय,
चादरीचे काठ गादीखाली खोचतोय,
चारही बाजूंनी, निगुतीनं.
ती कोट न काढता
दारात उभी राहते,
बघत.