इथून गळेल

महोत्सववाल्यांचं पत्र आलंय: परिचय पाठवा,
दीडशे शब्द, आणि प्रभाव कोणाकोणाचे ते.
तीन-चार नावं पुरेत, असंही लिहिलंय,
म्हणजे नावं त्यांना आधीच ठाऊक असावीत.

मंदाकिनी वडनेरे. दोन शब्द झाले.
जन्म तांबट आळीत, नाशिक.
खोडते. जन्म सरकारी दवाखान्यातला,
आळीत मी आले तिसऱ्या दिवशी
आणि म्हणे ठोके सुरू होईपर्यंत रडत राहिले.

पंधरा घरं, पंधरा हातोड्या.
कुणाची लय कुणाशी जुळलेली नसे,
तरी संध्याकाळी कधीतरी सगळ्या
एकदम पडत, चुकून,
आणि माणसं माना वर करून एकमेकांकडे बघत,
सगळ्या आळीला एकच शिंक आल्यासारखी.
त्या एका ठोक्याची वाट बघता बघता
मी गणितात नापास झाले.

शरणपूरचे आमोस मास्तर चर्चचा ऑर्गन वाजवत.
भाता फाटका, हवा आधी बाहेर पडे, सूर मागून.
ते म्हणत, तो श्वासही लिहून ठेव, फुकट आहे.
पाच रेघा शिकवल्या त्यांनी
बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर.
फी म्हणून दादांनी एक बंब दिला.
बंब असेल अजून. मास्तर नाहीत.

मग पुणे, मग परदेश, बर्फ,
एक शिष्यवृत्ती, जिच्या नावातच वीस शब्द जातील.
तिथं शिकले की हळू, मध्यम, मोठ्यानं
हे इटालियन अक्षरांत लिहायचं असतं.
मी मनात लिहायचे दुतोंड्या मारुती:
गुडघ्याला पाणी. कंबरेला. छातीला.
एकदा चेलोच्या पानावर तसंच राहून गेलं,
देवनागरीत, ‘गळ्यापर्यंत’.
चेलोवाल्या पोरीनं विचारलं, हे काय?
म्हटलं, आमच्या गावात पूर असा मोजतात.
ती जरा वेळ गप्प बसली
आणि मग असं वाजवलंन
की सराफ बाजारात दुकानदारांनी
माल माळ्यावर चढवायला घेतला असता.

हे दीडशेत बसणार नाही.

दादांचे कान पन्नाशीलाच गेले.
आळीत सगळ्यांचेच जातात, त्याला कुणी आजार म्हणत नाही.
चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं पहिलं काम घरी नेलं
तेव्हा त्यांनी हात पुसले, चष्मा लावला
आणि पान उजेडात तिरकं धरलं,
घंगाळाचा पोचा बघायला धरतात तसं.
काळे ठिपके. ओळीत.
‘मठार बरी आहे,’ म्हणाले.
माझ्यावर याहून चांगली समीक्षा कुणी लिहिलेली नाही.
मग बोट सरकत सरकत
चौऱ्याऐंशीव्या खणापाशी थांबलं.
‘हितं का मोकळं सोडलं?’
मी हातानं सांगितलं, थांबायचं. चौघांनीही.
‘हितून गळेल. डाग दे.’

गेल्या वर्षी गंगापूर रोडच्या सभागृहात वाजलं ते.
चौऱ्याऐंशीव्या खणात चारही गज हवेत थांबले.
बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, टिंव टिंव,
आणि आत, खरंच सांगते,
एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत पडत होतं.
एक थेंब.
बऱ्याच वेळानं दुसरा.
पहिल्या रांगेत दादा, ज्यांना यातलं काही ऐकू येत नाही,
मान वर करून
छताकडे बघत होते.

आळीत आता तीन हातोड्या उरल्यात.
तिघांचं जुळतं बऱ्याचदा,
त्यामुळे कुणी मान वर करत नाही.

परिचयात त्यांना हवी ती नावं टाकलीत,
तीन, सगळी परदेशी, सगळी खरी.
सोबत कामाची प्रत जोडली आहे.
चौऱ्याऐंशीव्या खणाला
अजून डाग दिलेला नाही.