मधला व

शनिवारची सकाळची शाळा, मिरज, नववी ब.
फळ्यावर नवं क्रियापद लिहिलं: इरोड.
मागच्या बाकावरून संग्राम म्हणाला,
"बाई, हे तर गाव आहे. तामिळनाडूत.
आमचे आण्णा सांगलीत अडत्याच्या पेढीवर रोज विचारतात,
इरोडला आज हळद काय निघाली?"
वर्ग हसला, मीही.
आमच्याकडच्या पोरांना हा शब्द आधी भाव म्हणून भेटतो,
अर्थ म्हणून नंतर.

अर्थ सांगायला गेले तर माझीच पंचाईत.
कृष्णेनं मळीचा काठ खाल्ला, तिथं हा शब्द.
बांधाकडेची माती धुपली, तिथंही हाच.
नळाच्या धारेखाली मोरीचा दगड खोलगट झाला, हाच.
नोट तीच आणि पिशवी हलकी, हाच.
आणि माणसावरचा भरवसा,
रोज कळेल न कळेल इतका,
त्यालासुद्धा हाच.

"एकट्यानं एवढी कामं?" शमीम म्हणाली.
"आपल्यात तर जिथंतिथं वेगळा शब्द लागतो."
खरंच की.
माती धुपते, चप्पल झिजते,
काठ ढासळतो, रंग विटतो,
भरवसा मात्र उडतो.
पाखरासारखा, एकदम.
नाहीतर विश्वासाला तडा जातो, तोही एका क्षणात.
हळूहळू जायची सोय भाषेनं त्याला ठेवलेलीच नाही.

मला ती सोय हवी होती,
अकरा वर्षांपूर्वी, बॅग घेऊन माहेरच्या दारात उभी होते तेव्हा.
सगळे एकच विचारत होते, झालं काय?
काहीच झालं नव्हतं.
तेच तर सांगत होते.

हे वर्गात सांगायचं नसतं.
वर्गात व्याकरण सांगायचं:
इंग्रजीत नदी काठाला इरोड करते,
आणि काठही, कुणाचं नाव न घेता,
आपला आपण इरोड होतो.
शब्द तोच. कानामात्रासुद्धा हलत नाही.
आपण म्हणतो झिजणे, झिजवणे.
मध्ये एक व.
त्या व च्या आडोशाला कुणीतरी उभं असतं.

"बाई, अब्बांचं सांगू?"
शमीमचे वडील सतारमेकर गल्लीत तंबोरे करतात.
घोडीवर तार पडून पडून खाच पडते,
आवाज बसतो, सर्दी झाल्यासारखा.
मग अब्बा कानस घेतात,
खाचेभोवतीचं हाड घासत नेतात,
केसभर घासलं की तार छेडायची, कान लावायचा,
पुन्हा केसभर.
जास्त गेलं तर घोडी वाया,
कमी गेलं तर जवारी बंदच.
"म्हणजे तारेनं झिजवलं ते वाईट,
आणि अब्बांनी झिजवलं ते चांगलं.
दोन्हीला इरोडच म्हणायचं का?"
मी घड्याळाकडं पाहिलं.

घटक चाचणीत वाक्यात उपयोग विचारला.
चौतीस जणांनी नदी लिहिली, काठ लिहिला,
माझंच फळ्यावरचं वाक्य, माझ्याच चुकीसकट.
संग्रामनं लिहिलं, इरोडमध्ये हळद महाग आहे.
शमीमनं लिहिलं,
माझ्या वडिलांचा अंगठा इरोड झाला आहे,
म्हणून रेशन दुकानातलं मशीन त्यांना ओळखत नाही.

अंगठ्याला हे क्रियापद चालत नाही असं वाटून
लाल पेन्सिलीनं मी अर्धा गुण कापला.
रात्री जेवणं झाल्यावर गठ्ठा पुन्हा उघडला.
शब्दकोश काढला नाही.
खोडरबरानं तो अर्धा पुसला, पूर्ण एक लिहिला,
तोही नीट उमटेना म्हणून पुन्हा पुसला.
आता तिथं कागद इतका पातळ झालाय
की दिव्यासमोर धरला
तर मागच्या पानावरचं तिचं नाव दिसतं,
उलटं.