उसं-पायथं

विनिपेग. बाहेर उणे अठ्ठावीस.
ओरेस्ट खाटा सरकवतो :
एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पाय,
खोकला आला तर तळव्यांवर जावा.
मधलं अंतर हॉकीच्या काठीनं मोजतो,
टोक तुटलेल्या.
चाळीस होत्या. मोजल्यावर एकतीस उरल्या.

डेल्फीन घोंगड्या ड्रायरमध्ये कोंबते.
'खरजेचा किडा पन्नास अंशाला मरतो'
असा कागद तिनंच चिकटवलाय, जांभळ्या शाईत.
मग खिडकी चार बोटं उघडते.
"बाई, मग आम्ही आत कशाला आलो?"
कुणी हसत नाही.
ती खिडकी लावत नाही.

म्हातारा बूशे तीन आठवडे खोकतोय.
थुंकीची डबी पुढे केली तर म्हणतो,
"हिला काय विचारतेस? मला विचार."
ती स्टूल ओढते. विचारते.
तो सांगत राहतो, मास्कच्या आत,
त्याच्या नदीचं, गोठलेल्या जाळ्यांचं,
आणि शेवटी डबी घेतो.

अकरा वाजता दारावर थाप.
कोठीत नऊ खाटा घडी घालून उभ्या.
ओरेस्ट काठीकडे बघतो बराच वेळ.
मग स्वतःची खुर्ची उचलून
खिडकीखाली ठेवतो, सगळ्यांपासून काठीभर लांब,
वर आपला कोट टाकतो
आणि कडी काढायला जातो.