हौसेचा रकाना

देवास नाक्यावर हेरंबने पिकअपला
रुंद टायर चढवले, चकाकत्या रिमा.
"आता बघ कशी दिसते!"
दिसते खरी,
कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहिल्यासारखी.

वही माझ्याकडे.
चोइथराम मंडी ते महू, बटाटे, डिझेल.
चौदाचं ॲव्हरेज साडेबारावर आलं.

तो म्हणाला, चाक मोठं झालंय,
एका फेऱ्यात जास्त रस्ता खातं,
मीटरला त्याचा पत्ताच नाही.

म्हणजे चाललो ते सगळं
वहीत येत नाही तर.

रविवारी शेजारी बसून गेले,
किलोमीटरचे दगड मोजत.
सव्वातेरा.
उरलेलं पाऊण कुठे गेलं
ते विचारलं नाही.
तो रिमा पुसत होता, माझ्याच जुन्या ओढणीनं.

रात्री पट्टी घेतली,
नवा रकाना आखला: हौस.