डिस्क आत घेत नाही

हवल्लीत तळघरात आमचं दुकान.
शटरखाली ओलं फडकं अंथरलंय,
तरी वाळू बारीक होऊन आत येतेच.
तीन दिवस आभाळ कोऱ्या चहाच्या रंगाचं.

ती आली मास्क लावून,
खुबूसच्या पिशवीत गेमचं यंत्र.
"डिस्क आत घेत नाही. घेतलीच तर लगेच ओकतं."
थोडी अरबी, थोडं इंग्रजी, उरलेले हातवारे.
नाव रोवेना. मॅडमच्या पोराला नवं आलं,
म्हणून हे तिला.
इलोइलोला तिचा मुलगा, अकरा वर्षांचा.
महिनाअखेरीस खोका जाणार बोटीनं:
साबण, टॉवेल, डबाबंद मटण,
आणि टॉवेलांच्या मधोमध हे.

उघडलं.
धुळीची एक अख्खी गोधडी निघाली,
आणि शंभर फिल्सचं नाणं.
पोरांना कुठलीही फट गल्ल्याचीच वाटते.
नाणं काढलं, पट्टा बदलला, तरी तेच.

अब्बा हर्णैला लाँचची इंजिनं बघायचे.
पेचकसाचं टोक इंजिनावर,
मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले.
मग म्हणायचे, दोन नंबरचा खोकतोय.
मीही तसंच करतो, शफीकुल हसतो.
चक्री फिरली. थांबली. फिरली.
भिंग वर जातं, खाली येतं,
अंधारात चप्पल शोधल्यासारखं,
आणि सोडून देतं.
म्हटलं, डोळा गेलाय.

"मग दुसरा ड्राइव्ह घाल ना अख्खा."
नाही चालत, बाई.
ड्राइव्हच्या हिरव्या पट्टीची आणि मोठ्या बोर्डाची
गाठ कारखान्यातच मारलेली.
बाहेरून कितीही चांगला आणून बसवला
तरी बोर्ड विचारतो, हा कोण? कुणाच्या नावावर?
म्हणून पट्टी जुनी ठेवायची,
आणि बाकी सगळं अंग बदलायचं.
हे सांगताना माझा हात उगाच
खिशातल्या सिव्हिल आयडीवर गेला.
तिनं पाहिलं.
तिचं कार्ड मॅडमच्या कपाटात असतं.

भिंग मिळालं एका मेलेल्या यंत्रातून.
शफीकुलनं दिवा धरला, मी श्वास.
(नव्या भिंगावर कथलाचा एक थेंब असतो,
तो काढायचा राहिला की काहीच दिसत नाही त्याला.
पहिल्या वर्षी असल्या एका थेंबापायी
रात्रभर रडलोय मी, कुणाला सांगितलं नाही.)

चाचणीला आमच्याकडे डिस्क एकच, फुटबॉलची,
निम्मे खेळाडू एव्हाना निवृत्त.
फटीनं तिला ओठांत धरलं,
कुर्र, कुर्र, टक्,
आणि मैदान हिरवं झालं.

बंद करायला वीस मिनिटं होती.
चौदा वर्षं ही यंत्रं उघडतोय,
एक मॅच कधी खेळलो नव्हतो.
तिलाही बटणं ठाऊक नाहीत.
आमचे बावीस जण
एका कोपऱ्यात एकमेकांवर आपटत राहिले,
मग तिच्याच माणसानं तिच्याच जाळीत चेंडू मारला
आणि अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं.
ती इतकी हसली की मास्क उतरवावा लागला.
मग एकदम गप्प.
"अकरा म्हणजे... आता बारा. जुलैत झाला."

सात दिनार म्हणालो होतो, पाच घेतले.
अबू फहदला हिशेबात दोन कमी दिसतील,
दिसू देत.
नाणं तिनं काउंटरवरच ठेवलं,
माझं नाही म्हणाली.
माझंही नाही.
काचेखाली आहे अजून.

दोन महिन्यांनी व्हॉइस मेसेज आला.
पोराच्या भाषेतलं काही कळलं नाही,
मग तिचं वाक्य: तो विचारतोय,
डिस्क आत जाताना असा आवाज येतो, बरोबर आहे का?
आणि त्यानं रेकॉर्ड केलेला आवाज.
मी फोन कानामागच्या हाडाला लावला.
मागे कोंबडा ओरडत होता, कुणीतरी भांडी घासत होतं,
त्या सगळ्यातून
कुर्र, कुर्र,
टक्.

लिहिलं, बरोबर आहे.
त्याला सांग, फटीत पैसे टाकू नको.