रेंदेराची चित्रं

माडावरून पडला त्या वर्षी बस्त्यांव
बाणावलीत खाटेवरच रंगवू लागला.
होडीचा उरलेला निळा, दाराचा हिरवा,
काथ्याची कुंचली, खोक्यांच्या फळ्या.

घरांना दारं नाहीत, नुसती कौलं.
माणसं म्हणजे
भांग, टक्कल, अबोलीचा वळेसर, एक छत्री.

पणजीचा गृहस्थ म्हणाला,
"शिकला असता तर..."
चाळीस वर्षं, दिवसातून तीनदा
त्यानं गाव असाच पाहिला होता.

एका फळीवर मात्र अंगणात कोंसेसांव,
कपाळावर हात धरून वर बघते आहे.
तिला नाक आहे, डोळे आहेत,
गळ्यात अडकलेली हाक आहे.

ती फळी विकली नाही.
कोंसेसांव तिच्यावर सुंगटं वाळवते,
चित्राची बाजू
खाली करून.