बादली नंबर नऊ

रमीलाबेन गव्हाला दिवेल चोळतात,
हाताला, कोपराला, कधी गालालाही लागतं ते.
माझ्या आईकडे बिब्बे असायचे, कडुनिंबाचा पाला असायचा.
मी बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या;
माझा विश्वास गंजावर.

गंजावर, हो. चिमूटभर लोखंडाचा कीस
कागदी पुडीत, तांदळात खोल खुपसायचा.
तो गंजत जातो, आणि गंजता गंजता
पिशवीतला प्राणवायू पिऊन टाकतो,
किड्यांच्या वाटणीचा.
पुडी तळहातावर धरली तर कोमट लागते,
नुकत्याच चहा संपलेल्या कपासारखी.
सकाळी बघावं तर चकचकीत पिशवी
दाण्यांना अशी बिलगलेली
की बाहेरून एकेक दाणा मोजावा.

पिशवीचं तोंड चिकटवायला
भाचीचं केस सरळ करायचं यंत्र.
"मावशी, परत देताना डाळीचा वास नको हं त्याला."
मग पिशवी बादलीत, झाकणावर रबरी हातोडी चहूकडून,
वर काळ्या मार्करनं:
चणाडाळ, हवाबंद, २०४७ पर्यंत.
बादल्या समा रोडच्या फरसाणवाल्याच्या,
तीनदा सोड्यानं धुऊनही
दमट हवेत गाठियांची आठवण काढणाऱ्या.

शेंगदाणे नकोत, खवट होतात. गूळ तर नकोच.
"सत्तेचाळीस साली तुम्ही किती वर्षांच्या?"
सोसायटीचे सेक्रेटरी विचारायचे, जिना चढता चढता.
मी म्हणायचे, तांदूळ मोजत नाही.

मग त्या ऑगस्टात विश्वामित्री
आमच्या पायऱ्या एकेक करत आत आली.
वीज गेली. मी रमीलाबेनकडे, वरच्या मजल्यावर,
हातात चष्मा आणि पेन्शनचं पुस्तक.
रात्री खालून, माझ्याच घरातून,
कुणीतरी ठोठावत होतं.
ठक. मग बराच वेळ काही नाही.
ठक ठक.
रमीलाबेननी जपाची माळ काढली.
मी कान देऊन ऐकलं आणि ओळखलं:
चौदा बादल्या
काळोखात, पाण्यावर, एकमेकींना चाचपडत होत्या.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः उतरले,
कमरेएवढ्या पाण्यात, मगरीच्या भीतीनं काठी आपटत,
आणि दोन बादल्या दोरीनं ओढून आणल्या.
झाकण निघेना. सांडशी, स्क्रूड्रायव्हर, शिव्या.
पिशवीच्या कोपऱ्याला कात्री लावली
तशी तिनं श्वास घेतला.
बारीकसाच. पण गच्चीवरच्या सगळ्यांनी ऐकला.

एकवीस माणसं, एक सिलिंडर, टाकीतलं उरलंसुरलं पाणी.
खिचडी रटरटायला लागली तेव्हा लक्षात आलं,
एवढ्या वर्षांची तजवीज,
आणि मीठ मी कुठे ठेवलंच नव्हतं.
रमीलाबेननी काही न बोलता
लोणच्याची बरणी पातेल्यात उपडी केली.
हाताला त्यांच्या दिवेलाचा वास होताच,
तोही आला खिचडीला.

पाणी ओसरल्यावर मोजणी.
बारा नंबर कुजलेली. तिचं तोंड चिकटवताना
फोन वाजला होता, एक सुरकुती राहून गेली.
कुणाचा फोन, ते आता आठवत नाही;
वास मात्र आठवडाभर घरात.
नऊ नंबर सापडलीच नाही.

दिवाळीच्या तोंडावर दूधवाला सांगत आला,
पुलाखालच्या गाळात मगर ऊन खात पडलीय,
शेजारी पांढरी बादली, झाकणासकट.
"वर मराठीत काहीतरी आहे, बेन. अक्षर तुमचंच."

जाऊन बघून आले. मगर होती, बादली होती,
दोघींनाही कसली घाई दिसत नव्हती.

घरी येऊन नवी चणाडाळ उन्हात घातली,
संध्याकाळी तिच्यावर पंधरा नंबर टाकला.
फळीवर नऊची जागा तशीच आहे,
गाळानं आखलेलं एक वर्तुळ.
त्यात सध्या मिठाचे दोन पुडे.